न फुटलेले बॉम्ब आणि कॅमेऱ्याची नजर

दहशतवादाचा परिणाम केवळ मृतांच्या आकड्यावरून जोखता येत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील साखळी बॉम्बस्फोटांत ५६ जणांचा बळी गेला. त्यानंतरच्या काही दिवसांत सुरतमध्ये झाडांवर, जाहिरात फलकांवर दडवलेले २९ बॉम्ब सापडले. त्यांतील एकही फुटला नाही. मात्र त्यांनी पेरलेली भीती शहराच्या कारभारात मुरली.

या भीतीला दोन उत्तरे मिळाली. पहिले न्यायालयाचे. दोन्ही शहरांतील ३५ गुन्हे एकत्र करून चाललेल्या खटल्यात विशेष न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३८ जणांना फाशी व ११ जणांना जन्मठेप सुनावली, तर २८ जणांना निर्दोष ठरवले. त्यासाठी १३ वर्षांहून अधिक काळ लागला. दुसरे उत्तर तंत्रज्ञानाचे, आणि ते कितीतरी आधी आले. २०१३ मध्ये सुरत पोलिसांनी ‘सेफ सिटी’ योजनेखाली सीसीटीव्हीचे जाळे कार्यान्वित केले. पुढे त्याला चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीची जोड मिळाली. तपासात अशा साधनांचा उपयोग होतो, हे कोणी नाकारणार नाही. प्रश्न आहे तो ही नजर कोणावर रोखली जाते आणि तिच्यातून काय निसटते, याचा.

दक्षिण सुरतमधील भेस्तान येथे हा प्रश्न ठळकपणे जाणवतो. उधना आणि सचिन स्थानकांदरम्यानचे हे उपनगर पांडेसरा औद्योगिक वसाहतीजवळ आहे. यंत्रमाग आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांवर पोसलेल्या या पट्ट्यात ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारमधील कामगारांबरोबर खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात. खोली भाड्याने घेणाऱ्याची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचावी, असा दंडक आहे. अशा रीतीने कामगाराची ओळख यंत्रणेच्या दप्तरी नोंदली जाते. त्याच्या जिवाला असलेल्या धोक्याची नोंद मात्र तितक्या तत्परतेने होत नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे शेजारच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून बेकायदा सोडलेल्या रसायनातून विषारी वायू पसरला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. चेहरे ओळखू लागलेल्या शहराला तो टँकर वेळीच ओळखता आला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तथापि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षेच्या कारणास्तव सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आहे.

गोव्यातही भाडेकरूंच्या पडताळणीवर भर दिला जातो आणि तिचा रोख बहुधा परप्रांतीय मजुराकडे असतो. भेस्तानमध्ये परप्रांतीय म्हणून नोंदला जाणारा माणूस अनेकदा मराठी भाषक असतो, याचे भान येथील मराठी वाचकाने ठेवायला हवे. पडताळणी व्हावीच. परंतु जमा झालेली माहिती कोण पाहणार, ती किती काळ ठेवणार आणि चूक झाल्यास दाद कोठे मागायची, हे नियमांत स्पष्ट असले पाहिजे. तसेच वेर्णा, कुंकळ्ळीसारख्या औद्योगिक वसाहतींतील सुरक्षेची तपासणीही तेवढ्याच काटेकोरपणे झाली पाहिजे.