पाणी वर चढतं, पण कुठपर्यंत?

केशाकर्षण म्हटलं की आपल्या शाळांत प्रयोग ठरलेला. लाल शाईच्या पाण्यात निशिगंधाची दांडी ठेवायची, दुसऱ्या दिवशी फुलं लालसर झाली की टाळ्या, आणि वहीत 'अरुंद नळीतून पाणी वर चढते'. माझं म्हणणं असं, की इथं धडा अर्धाच होतो. पाणी थांबतं कुठं, हे कुणी विचारतच नाही.

पाणी काचेला चिकटतं आणि पाण्याचे कण एकमेकांनाही धरून असतात, म्हणून ते बारीक नळीत वर ओढलं जातं. चढलेल्या पाण्याचं वजन या ओढीइतकं झालं की थांबतं. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत साधारण ३ सेंटिमीटर, तिच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या नळीत ३० सेंटिमीटर. (पाऱ्याचं उलटंच, तो काचेच्या नळीत खाली दबतो!) म्हणजे नारळाच्या शेंड्यापर्यंत पाणी नुसत्या केशाकर्षणानं जात नाही, पानांतून वाफ होऊन पाणी उडतं, त्याची ओढ लागते.

'एवढं प्राथमिकच्या पोरांना कशाला?' असं कुणी म्हणेल. अहो, राजारामपुरीतल्या वर्गातही एखाद्याचं आजोळ शिरोळकडं असतंच. तिथली क्षारपड रानं त्यानं पाहिलेली असतात. उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिलं, निचरा झाला नाही, जमिनीखालचं पाणी वर आलं. काळ्या मातीतल्या बारीक पोकळ्या म्हणजे केशनलिकाच. त्यातून पाणी वर येतं, उन्हानं उडतं, क्षार मागं राहतात आणि रान पांढरं पडतं. शिरोळच्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून अशी रानं पुन्हा पिकाखाली आणलीत. पाईपांमुळं भूजल इतकं खाली जातं, की केशाकर्षणाचा हात वरपर्यंत पोचत नाही. मग वरून दिलेल्या पाण्याबरोबर क्षार धुऊन जातात. 'पाणी वर चढते' एवढंच पाठ केलेल्या मुलाला हे पाईप कसे कळणार?

तेव्हा निशिगंधाबरोबर हेही करा. दोन पारदर्शक बाटल्यांचे तळ कापा, तोंडाला फडकं बांधा. एकीत जाडसर वाळू, दुसरीत बारीक केलेली कोरडी काळी माती ठोकून भरा. तोंड खाली करून दोन्ही मिठाच्या पाण्यात उभ्या करा. ओल कुठवर आली, तिथं मुलांनीच रोज स्केचपेननं खूण करायची. वाळूत ती झटकन चढून थांबते. मातीत हळूहळू, पण बरीच वर जाते. वर पांढरं दिसायला बरेच दिवस लागतील, तोवर बाटल्या हलवू नका.