सडपातळ देह आणि रक्तातील साखर

लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा नांदेडच्या मोंढ्यात काय, पेढीवर बसणाऱ्या गृहस्थाची प्रकृती आजही पोटाच्या घेरावरून जोखली जाते. घेर वाढला की 'शेठजी, साखर तपासून घ्या' असे सांगणारे दहाजण भेटतात. अंगाने सडपातळ असणाऱ्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. मद्य नाही, तंबाखू नाही, मांसाहाराचा तर प्रश्नच नाही. आणि तरीही विम्याच्या तपासणीत चाळिशीतच साखर वाढलेली निघते. मग घरची मंडळी दोष धंद्यातील चिंतेच्या नावे मांडून मोकळी होतात.

या कोड्याचा मोठा भाग पुण्यात उलगडला. तेथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचे आपले छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. काट्यावर दोघे सारखेच उतरले. मालाची प्रत वेगळी होती.

चरबी जास्त याचा अर्थ त्याच वजनात स्नायू कमी, आणि साखरेच्या हिशेबात स्नायूंना फार महत्त्व आहे. तुरीच्या हंगामातील आडत बाजार डोळ्यांसमोर आणला, तर हे लवकर ध्यानात येते. जेवणानंतर रक्तात साखरेची आवक होते. ती उचलून पेशींच्या गोदामात लावण्याचे हमालीचे काम इन्शुलिन करते, आणि सर्वांत मोठे गोदाम स्नायूंचे असते. गोदाम लहान असेल, शिवाय यकृतात व पोटाच्या आत साठलेल्या चरबीमुळे त्याचे दार जड झाले असेल, तर तेवढ्याच मालाला अधिक हमाल लागतात. स्वादुपिंड वर्षानुवर्षे जास्तीचे इन्शुलिन पुरवीत राहते. या अवस्थेला इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. या काळात उपाशीपोटीची साखर निर्दोष दिसू शकते. स्वादुपिंड थकल्यावरच माल रस्त्यावर पडतो आणि मधुमेहाचे निदान होते.

हा देह केवळ गादीवर बसून घडत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गर्भवती स्त्रियांचा अभ्यास आरंभला. शेतात राबणाऱ्या या स्त्रियांची नवजात बाळे सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची होती. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनची बाळे सुमारे साडेतीन किलोंची. वजन एवढे कमी असूनही पुण्याच्या बाळांच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. उणीव मुख्यतः स्नायूंत होती.

शाकाहारी घरांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट पुढे आली. यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले, तेव्हा ज्यांच्या मातांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट भरपूर, पण बी-१२ कमी होते, त्यांच्यात इन्शुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. पालेभाज्या व डाळींतून फोलेट मिळते, गरोदरपणी फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही दिली जाते, आणि ती घ्यायलाच हवी. बी-१२ मात्र ज्वारी, तूर, भाजी, फळे यांपैकी कशातच नसते. शाकाहारी ताटात ते येते ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच. आणि चहात रंगापुरते घातलेले दूध हिशेबात धरण्याजोगे नव्हे.

यावर आहाराचा नियम मोडण्याचे काही कारण नाही. बी-१२ मुळात सूक्ष्मजीवच तयार करतात, आणि औषधातील बी-१२ देखील आंबवण्याच्या प्रक्रियेतूनच मिळवतात. काही कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून साधी गोळी मागून घ्यावी आणि तिच्यातील इतर घटकही विचारून घ्यावेत. पुण्यातील संशोधकांनी २०१२ पासून त्याच गावांतील किशोरवयीन मुलामुलींना मातापिता होण्यापूर्वीच रोज अवघे २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग हाती घेतला. लग्नाच्या यादीत दागिने आणि साड्या यांचा महिनोन्‌महिने खल होतो. त्या यादीत वधूच्या हिमोग्लोबिन व बी-१२ च्या तपासणीला एक ओळ द्यायला हरकत नसावी.

घरातील पुरुषांसाठी मोजपट्टी हे वजनकाट्याहून खरे साधन आहे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर ओलांडली, की वजन कितीही बेताचे असले तरी साखर तपासावी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी ५.७ ते ६.४ टक्के दाखवीत असेल, तर मधुमेह अद्याप उंबऱ्याबाहेर आहे. चालणे उत्तमच, पण गोदाम वाढवायचे तर जोर, बैठका, वजन उचलणे असे स्नायूंना कष्टवणारे व्यायाम हवेत. पोती हमालाने आणि जिने लिफ्टने सांभाळले, की पेढीवरच्या माणसाच्या स्नायूंना दिवसभरात काही काम उरत नाही.

ज्यांना मधुमेह झालेलाच आहे, त्यांच्यापुढे आणखी एक बाब आहे. या रोगावरील सर्वांत प्रचलित औषध मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातून बी-१२ चे शोषण कमी होते. शाकाहारी रुग्णाजवळ मूळ साठाच थोडा. तळपायांना मुंग्या येणे, बधिरपणा वाटणे, ही लक्षणे साखरेमुळे होतात तशीच बी-१२ च्या अभावानेही होतात, आणि केवळ वर्णनावरून त्यांतील भेद करणे कठीण असते. औषध आपल्या मनाने बंद करू नये. पुढच्या खेपेस रक्त द्यायला जाताना डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर बी-१२ लिहून घ्यावे.