भिंतीच्या आत काय आहे, हे बाईलाही कळू दे

मैत्रिणींनो, टीव्हीवर आपण बायकांनी आजवर पुष्कळ लिहिलं, बोललो, मोर्चेही काढले. मालिकांमधल्या सोशिक सुना, जाहिरातींतली बाई, घरातला रिमोट कुणाच्या हाती. या वेळी मला टीव्ही ज्या भिंतीवर टांगलेला असतो त्या भिंतीबद्दल लिहायचं आहे. आमच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा दोघी-तिघी हसल्या. मारहाणीच्या केसेस पडून आहेत, पोटगीच्या तारखा आहेत, त्यात हे कुठलं खिळे-स्क्रूचं खूळ, असं एकीनं विचारलंही. प्रश्न रास्त आहे, म्हणूनच सविस्तर उत्तर देते.

खानदेशातलं जुनं घर धाब्याचं. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, त्यात कोनाडे, दिवळ्या, खुंट्या. ही भिंत उभी गवंड्यानं केली तरी सांभाळली बाईनंच. आखाजीच्या आधी, दसऱ्याच्या आधी शेण-माती कालवून लिंपायचं, पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायचा, हे काम तिचं होतं. त्या राबणुकीचं गोडवं मला गायचं नाही. कंबरडं मोडणारं, बिनमोलाचं काम होतं ते. पण त्यातून एक ज्ञान तिच्या हाताला येत होतं. कुठे भिंत पोकळ वाजते, कुठे ओल धरते, कुठली खुंटी पाण्यानं भरलेली कळशी पेलेल आणि कुठली फक्त टोपी, हे आमच्या आजीला न बघता सांगता यायचं.

मग सिमेंट आलं आणि त्यानंतर बोर्ड. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. वरच्या मजल्यावरच्या खोलीची, पत्र्याच्या शेडची, पश्चिमेच्या साडेचार इंची भिंतीची त्या दिवसांत भट्टी होते. म्हणून ज्यांना परवडतं ते आतून थर्माकोल लावून त्यावर जिप्सम बोर्ड ठोकून घेतात. धुळ्यात एका मोठ्या खोलीच्या दोन करून भाड्यानं देतानाही मध्ये बोर्डाचंच पार्टिशन येतं, आत ग्लासवूल भरलेलं. रंग दिला की भिंत कशी गुळगुळीत, शहरी दिसते. तिच्या आत काय आहे ते कारागिराला ठाऊक, फार तर घरमालकाला. त्या खोलीत चोवीस तास राहणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही, आणि तिनंही विचारावं असं तिला वाटत नाही.

धुळ्याला देवपुरात अशाच पार्टिशनच्या खोलीत राहणारी एक बाई आमच्याकडे येते. नवऱ्यानं टाकलेली, दोन मुलं, शिवणकाम आणि दोन घरची पोळ्यांची कामं. तिनं हप्त्यानं ४३ इंची टीव्ही घेतला. बसवायला आलेल्या मुलानं दारातच विचारलं, "घरमा कोनी मानूस नही का?" (आपल्या भाषेत माणूस म्हणजे पुरुष. प्रश्न मात्र दारात उभ्या असलेल्या माणसालाच विचारलेला!) कोणी नाही म्हटल्यावर त्यानं मनानंच जागा ठरवली, चार भोकं पाडली, प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि पंधरा मिनिटांत गेला. अठराव्या दिवशी रात्री टीव्ही ब्रॅकेटसकट खाली आला, मुलांच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर. दुकानदार म्हणाला, बसवणं आमच्या गॅरंटीत येत नाही. बसवणारा म्हणाला, ताई, भिंतच खराब. घरमालकानं भोकांचे पैसे मागितले. सासरहून निरोप आला तो असा, की घरात पुरुष नसला की असंच व्हायचं. सात हप्ते अजून बाकी होते.

मी त्या मुलाला एकट्याला दोषी धरणार नाही. दिवसाला आठ-दहा घरं, नगावर पैसे, विमा नाही, शिकवलेलं कुणी नाही. पण यात तांत्रिक असं जे आहे ते इतकं साधं आहे, की ते तिला माहीत असतं तर तिनंच त्याचा हात धरला असता. म्हणून ते इथे लिहिते.

विटांच्या भिंतीत गिट्टी फुगून चारी बाजूंनी आवळली जाते, म्हणून स्क्रू धरतो. जिप्सम बोर्ड जेमतेम अर्ध्या इंचाचा, मागे पोकळी किंवा थर्माकोल. तिथे गिट्टीला आवळायला काही नसतंच. ४३ इंची टीव्हीचं वजन साधारण ८ ते १० किलो, म्हणजे जुन्या डबा-टीव्हीपेक्षा पुष्कळ कमी. पण तो डबा टेबलावर बसलेला असायचा, हा वरच्या दोन स्क्रूंना बाहेर ओढत असतो. पुढे ओढून फिरवायचा हाताचा स्टँड असेल तर ही ओढ कितीतरी वाढते. अशा भिंतीला तो नकोच, चपटा स्टँड घ्यावा.

आधी भिंत ओळखायची. बोटाच्या पेरानं ठोकत जायचं, आवाज बदलतो. लोहचुंबक फिरवलं तर आतल्या पत्र्याच्या उभ्या पट्टीवरचे स्क्रू सापडतात. या पट्ट्या बहुधा १६ ते २४ इंचांवर असतात. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डाची चौकट सोडवली तर बोर्ड किती जाड, मागे काय, हे डोळ्यांनीच दिसतं. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, वायर तिथूनच गेलेली असते.

बोर्डामागे थर्माकोल आणि त्यामागे वीट असेल तर स्क्रू विटेपर्यंत गेला पाहिजे. अर्धा इंच बोर्ड, दोन इंच थर्माकोल, आणि विटेत किमान दोन इंच, म्हणजे साडेचार इंचांचा स्क्रू झाला. दुकानातल्या पाकिटातला दीड-दोन इंची स्क्रू थर्माकोलातच राहतो. आणखी एक मेख आहे. लांब स्क्रू जोरात आवळला की बोर्ड थर्माकोलात दबतो, ब्रॅकेट वाकडं होतं. त्यावर उपाय म्हणजे बोर्ड आणि थर्माकोल मिळून जेवढी जाडी, तेवढ्याच लांबीचा लोखंडी किंवा जाड पीव्हीसी नळीचा तुकडा त्या भोकात घालायचा आणि स्क्रू त्यातून न्यायचा. सगळा दाब विटेवर जातो. जळगाव म्हणजे पाइपांचं गाव, तुकडा कुठेही मिळेल.

नुसतं पार्टिशन असेल, तर किमान दोन पट्ट्यांवर बसेल अशी १८ मिलिमीटरची प्लायची फळी आधी पट्ट्यांना आवळायची आणि टीव्हीचा ब्रॅकेट तिच्यावर लावायचा. दिसायला थोडं ओबडधोबड, पण भरवशाचं. मागे गेल्यावर पंख उघडणारे बोल्टही मिळतात. ते पोकळीत चालतात, थर्माकोल चिकटवलेला असेल तर पंखांना उघडायला जागाच नसते. आणि पावसाळ्यात ओल लागलेल्या बोर्डावर काहीच टांगू नये. तो भिजून भुसभुशीत होतो. तिथे टीव्ही टेबलावरच बरा.

आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. घर बाईच्या नावावर व्हावं म्हणून चळवळीनं किती वर्षं घालवली! १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं, २००३ साली 'घर दोघांचे' म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर बायकोचं नाव लावायचं ठरलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं राहत्या घरातून तिला हुसकता येत नाही. हे सगळं हवंच होतं. पण उताऱ्यावर नाव आलेल्या बाईला भिंतीला भोक पाडायचं तर अजून दिराची, भाच्याची, शेजारच्या भाऊंची वाट बघावी लागते. एकटीनं राहणाऱ्या बाईला ही वाट बघणं महागात पडतं. मदतीला आलेला 'भाऊ' नंतर कसा वागतो, याच्याही केसेस आपल्याच रजिस्टरमध्ये आहेत.

आणि आपली प्रशिक्षणं बघा. शिवण, पापड, ब्युटी पार्लर, फार झालं तर संगणक. बायकांना हे जमत नाही असं म्हणावं, तर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत घरांच्या दुरुस्तीच्या कामात महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. भिंत मजबूत कशी करायची हे त्यांनी शिकून घेतलं आणि गावाला समजावून दिलं. बांदा जिल्ह्यात बायकांनी हातपंप उघडून दुरुस्त केले. ड्रिल मशीन हातपंपाहून हलकं आहे.

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक बचत गटानं एक हॅमर ड्रिल सामाईक घ्यावं. दोन-तीन हजारांत चांगलं येतं. वहीत नोंद करून ते घरोघरी फिरावं. बैठकीत एकदा खरोखरीच्या भिंतीवर प्रत्येकीनं एक भोक पाडावं, डोळ्यांना चष्मा लावून, पदर खोचून. ज्यांच्याकडे बोर्डाचं काम निघालं असेल त्यांनी कारागिराला आधीच सांगावं, टीव्हीच्या जागी आतून प्लाय टाक. बोर्ड बंद झाल्यावर तेच काम दुप्पट पैशांचं होतं. आणि बोर्ड लागण्याआधी, पट्ट्या आणि वायरी उघड्या दिसत असताना, भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. देवपुरातल्या त्या बाईनं नव्या खोलीत राहायला जाताना घरमालकाकडे पहिल्यांदा हाच फोटो मागितला. त्याच्याकडे तो नव्हता, पण स्विचबोर्ड उघडून बघायला त्यानं हरकत घेतली नाही.