नाममुद्रेचे ऋण

श्रीगणेश चतुर्थीपासून घरोघरी सकाळ-सायंकाळ आरतीचा घोष सुरू होतो. 'सुखकर्ता दुःखहर्ता' येत नाही असे मराठी मूल विरळाच. परंतु या आरतीची तिन्ही कडवी म्हणणारी घरे आता किती उरली आहेत? पहिले कडवे झाले की टाळांची लय वाढते आणि लगेच पुढल्या आरतीस आरंभ होतो. वेळ वाचतो खरा. पण स्वतःस रामाचा दास म्हणविणाऱ्या समर्थांनी आपली ओळख ठेविली आहे ती तिसऱ्या कडव्यात. ते गळले की आरती निनावी होते.

आपल्या संतकवींचे नाव काव्याच्या अखेरच्या चरणात गुंफलेले असते. हीच नाममुद्रा. 'दुर्गे दुर्घट भारी' नरहरीची, 'युगे अठ्ठावीस' नामयाची, हे आपणांस मुद्रेवरूनच कळते. एकनाथ महाराजांनी तर आपल्या नावाशी जनार्दनस्वामींचे नाव असे जोडिले की, शिष्याचे पद गाताना गुरूचाही उच्चार आपोआप व्हावा. ही मुद्रा वगळली की पुढील पिढीच्या हाती 'पारंपरिक' एवढाच शब्द उरतो. परंपरा पदे जतन करते. रचणारा मात्र कोणी एक माणूसच असतो.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. संत निरहंकारी, सारे भगवंताचेच, मग नावाचा आग्रह कशाला? आक्षेप सात्त्विक वाटतो, पण तो बहुधा घेणाऱ्याच्या सोयीचा असतो. देणाऱ्याने अहंकार सोडावा, याचा अर्थ घेणाऱ्याने त्याचे नाव पुसावे असा होत नाही. दुसऱ्याचे ते आपले म्हणणाऱ्या आणि संतवचने मोडून त्यांची स्वतःसाठी भूषणे घडविणाऱ्या सालोमालोवर खुद्द तुकोबारायांनी कोरडे ओढले आहेत. मानापमान गिळणाऱ्या तुकोबांनाही हे सोसवले नाही.

आपले पूर्वसूरी याबाबत किती काटेकोर होते! ज्ञानेश्वरीच्या समाप्तीला शके 1212 या वर्षाची नोंद आहे, आणि ग्रंथ लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांचेही नाव आहे. लेखणी चालविणाऱ्यालाही श्रेय! पुढे शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी त्याच ग्रंथाची प्रत शुद्ध केली. तेथे ते स्वतःकडे केवळ शुद्धीचे काम घेतात. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतराने तो बिघडला, असे आवर्जून सांगतात. शिवाय त्यात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असा इशाराही देतात. महीपतीबोवांनी 'भक्तविजया'त आपला आधार नाभाजी आणि उद्धवचिद्घन हे असल्याचे प्रथमच सांगून टाकिले. त्यामुळे त्यांची थोरवी तिळभरही उणी झाली नाही.

चुकीचे नाव देणे हाही त्याच दोषाचा दुसरा प्रकार. 1936 च्या 'संत तुकाराम' चित्रपटातील 'आधी बीज एकले' हे गीत शांताराम आठवले यांचे. अनेक भाविक ते तुकोबांचाच अभंग समजून गातात. कवीच्या शब्दांची ही केवढी थोरवी! पण तेवढ्याने आठवले यांचे नाव हरवू द्यावे काय?

आम्हा कीर्तनकारांत 'पंत म्हणतात' असे म्हणून मोरोपंतांची आर्या म्हणावयाची रीत आहे. दोन शब्दांचा खर्च! परंतु आज एखाद्या हयात कवीचे पद ध्वनिमुद्रणावरून उचलायचे, दुसऱ्या बोवांनी परिश्रमाने जुळविलेले आख्यान दृष्टांतांसकट आपले म्हणून लावायचे, आणि वर संभावना घ्यायची, हे सर्रास चालले आहे. 1957 च्या कायद्याने धार्मिक विधीतील गायनाला काही मोकळीक दिली आहे. तथापि रचनेचे कर्तृत्व सांगण्याचा कवीचा हक्क त्याच कायद्यात मोबदल्याच्या हक्काहून स्वतंत्र मानला आहे. अर्थात वहीत पदाच्या डोक्यावर नाव लिहून ठेवण्यासाठी कायदा उघडून पाहण्याची गरज नसावी.

अखेरीस आपण सारे 'घालीन लोटांगण' म्हणतो. ते एकसंध पद नव्हे. पहिले कडवे नामयाच्या मुद्रेचे मराठी. दुसरा श्लोक पांडवगीतेत आढळणारा. तिसरा भागवताच्या एकादश स्कंधातला, कवी नावाच्या योगेश्वराने निमिराजास सांगितलेला. चौथा शंकराचार्यांच्या नावे असलेल्या अच्युताष्टकातला. तिसऱ्या श्लोकात तर मुळात 'मनुष्याने समर्पण करावे' असा उपदेश आहे. आरतीत आपण क्रियापदे बदलून 'मी समर्पण करतो' असे म्हणतो. कोणा अज्ञात भक्ताने ही चार फुले मोठ्या रसिकतेने एका सूत्रात ओविली आहेत. यंदा आरतीसंग्रह छापणाऱ्या मंडळांनी या चार कडव्यांखाली त्यांची चार मूळस्थाने बारीक टाइपात छापावीत. जाहिरातींच्या पानांतून तेवढी जागा सहज निघेल.