संगणक हवाच, पण मराठी वजा करून?

दहावीचा निकाल लागला की ठाण्यापासून कल्याणपर्यंत घरोघरी एकच चौकशी सुरू होते : ‘सायन्सला कॉम्प्युटर मिळेल ना?’ मी कला शाखेचा विद्यार्थी. सायन्सवाल्यांच्या पंक्तीत मी कशाला लुडबुड करावी, असे कोणी म्हणेल. पण संगणक घेताना जे पानातून उचलले जाते, ते आमच्या घरचे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत संगणकशास्त्र द्विलक्षी विषय म्हणून घेता येते. त्याचे गुण २००. निम्मे लेखी, निम्मे प्रात्यक्षिकाचे. एवढ्या गुणांना जागा करायची तर एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, सोडावा लागतो आणि त्याच्याबरोबर दुसरी भाषाही. ही दुसरी भाषा पुष्कळांच्या बाबतीत मराठी असते. इंग्रजी सक्तीची, तिला धक्का नाही. १०० गुणांचा ‘माहिती तंत्रज्ञान’ हा विषयही कित्येक कॉलेजांत दुसऱ्या भाषेच्या जागी घेतला जातो. २०२० च्या कायद्याने राज्यातील शाळांत मराठी सक्तीची केली, पण दहावीपर्यंतच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आणि ज्या ठाण्यात २०१० साली व ज्या डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तिथलीच हुशार मुले सोळाव्या वर्षी मराठीचे पुस्तक मिटून रद्दीत घालतात!

गैरसमज नसावा. माझे भांडण संगणकाशी नाही. १९७६ सालचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर बारावीला वर्षानुवर्षे शिकवला गेला, म्हणून अनेकजण हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आठ बिटांच्या त्या साध्या यंत्रात आकडा रजिस्टरमध्ये कसा जातो, बेरीज झाल्यावर हातचा कुठे राहतो, हे कागद-पेन्सिलीने पडताळता येते. विचार पायरीपायरीने मांडण्याची ही शिस्त आम्हां कला शाखेच्या मुलांनाही हवी आहे.

पण हाच विषय पुढे भाषेच्या दारात येऊन उभा राहतो. शब्द उलटसुलट सारखाच आहे का, हे तपासणारा प्रोग्राम नवशिक्यांना हटकून देतात. इंग्रजी ‘मॅडम’ तिथे बिनबोभाट पास होते. आता आपला ‘नवजीवन’ घ्या. तुम्ही-आम्ही म्हणू, दोन्हीकडून सारखा. पण युनिकोडमध्ये ‘ज’ला एक संकेतांक आणि वेलांटीला दुसरा. संकेतांक एकेक करून उलटे लावले की वेलांटी शेजारच्या ‘व’ला चिकटते आणि शब्द होतो ‘नवीजवन’! प्रोग्राम बेधडक सांगतो, शब्द सारखा नाही. अक्षर कशाला म्हणावे, जोडाक्षर कुठे तोडावे, हे प्रश्न व्याकरणाचे की संगणकाचे? दोन्हींचे. शुद्धलेखन तपासणे, मराठीत शोध घेणे, भाषांतर करणे, अशा प्रत्येक कामाला दोन्ही जाणणारा माणूस लागतो. आणि आपले वेळापत्रक नेमका तोच घडू देत नाही.

संगणकात गुण भरघोस मिळतात, प्रवेश परीक्षांचे ओझे असते. त्यात मराठी कशाला, असे पालक म्हणतात. मुलांना वा पालकांना मी दोष देत नाही. ज्याने खिडकी एकच ठेवली, त्याने रांगेवर रागावू नये. माझी मागणी साधी आहे. संगणक घेणाऱ्यालाही ५० गुणांची मराठी असू द्या. त्यात पाठांतराच्या नोट्स नकोत. आपला प्रोग्राम काय करतो, हे आजीला समजेल अशा मराठीत लिहायला सांगा. ज्याला ते लिहिता आले, त्याला तो प्रोग्राम समजला! आणि कला शाखेतही प्रोग्रामिंगची दारे उघडा.

ठाण्यात चेंदणीला बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आणि जोशी-बेडेकर कला-वाणिज्य महाविद्यालय एकाच आवारात नांदतात. दोन विद्यांना एक आवार पुरते, तर एका गुणपत्रिकेत त्या शेजारी शेजारी का बसू नयेत? मित्रहो, पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाचा अकरावीचा अर्ज भरायला बसाल, तेव्हा हा प्रश्न घरात एकदा मोठ्याने विचारा.