गाडी नोंदवण्याआधी वीजबिल काढा



गेल्या पंधरवड्यात नाशिकहून आमच्या वन्संचा फोन आला. त्या सिन्नरच्या एका शाळेत शिकवतात. इतकी वर्षे एस.टी.ने जाऊन-येऊन नोकरी केली, आता गुडघे कुरकुरू लागले म्हणून विजेवरची गाडी घ्यायचे घरात ठरले. म्हणाल्या, "वहिनी, रंग ठरला, बॅटरी ठरली, पण चार्जरच्या रकान्यापाशी गाडं अडलंय. एकीकडे ३.३ लिहिलंय, दुसरीकडे ७.२, आणि मध्ये पन्नास हजारांचा फरक! हे म्हणतात, एवढे लाख घालतोय तर पन्नास हजारांकडे काय बघायचं? तुम्ही काय केलं होतं?"

आम्ही काय केले होते ते सांगायचे म्हणजे स्वतःची फजिती चारचौघींत मांडणे आले. पण तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी आज हाच विचार चालला असेल, तेव्हा सांगतेच.

२०२३ साली आम्ही गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याने "मोठाच चार्जर घ्या" म्हटले आणि आमच्याकडे ह्यांनी लगेच मान डोलावली. मीही गप्प बसले. मला वाटले, मोठे पातेले घेतले म्हणजे केव्हाही उपयोगी पडते! गाडी आली, भिंतीवर लावायची ती मोठी पेटीही आली. वायरमन आला. त्याने पेटीकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाला, "काकू, आधी लाइटबिल दाखवा." बिलावर 'मंजूर भार' अशी एक ओळ असते. इतकी वर्षे बिल मीच भरते, पण त्या ओळीकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. आमचा मंजूर भार होता ३ किलोवॅट. आणि ती पेटी एकटीच मागत होती ७.२!

म्हणजे घरातले सगळे दिवे, फ्रिज, गीझर, मिक्सर मिळून जेवढी वीज घ्यायला आम्हांला परवानगी होती, तिच्या दुपटीहून अधिक ती एकटी पेटी खाणार. भार वाढवायचा म्हणजे अर्ज, अनामत, मीटरपासून नवी जाड वायर. दोन महिने ती पेटी माळ्यावर पडून होती. मी तिच्यावर पापडाचा डबा ठेवत असे.

त्या दोन महिन्यांत गाडी चार्ज कशी केली, ते ऐका आणि तुम्ही मात्र तसे करू नका. गाडीबरोबर जो लहान, साधा चार्जर मिळतो त्याला पंधरा अँपिअरचा प्लग लागतो. तसला प्लग आमच्याकडे फक्त न्हाणीघरात, गीझरचा. तिथून खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड काढला आणि लावली गाडी. एका रविवारी दुपारी आमटीला फोडणी देत होते, तर फोडणीवरून वेगळाच वास. प्लॅस्टिक जळल्याचा. धावत जाऊन मेन बंद केला. प्लगची पिन काळी पडली होती आणि बोर्डाचा एक कोपरा मेणासारखा वितळला होता. सुदैवाने तेवढ्यावरच निभावले.

गीझरही तेवढीच वीज खातो, मग असे का व्हावे? वायरमनने सांगितले ते मला पटले. गीझर पंधरा-वीस मिनिटे चालतो आणि थांबतो. गाडी त्याच प्लगमधून सहा-सहा, आठ-आठ तास सलग ओढत राहते. जी वायर आणि जो बोर्ड वीस मिनिटे तग धरतो, तो आठ तासांत तापून जातो. म्हणून गाडीसाठी मीटरपासून निराळी लाइन, तिला निराळा एमसीबी, झटका जीवघेणा ठरण्याआधी वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग, एवढे हवेच. चार्जर लहान असो की मोठा. आणि एक्स्टेन्शन बोर्ड? मुळीच नाही. पुष्कळ चार्जर तर अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतात. तो चार्जरचा दोष नव्हे, आपल्या घराचा असतो.

असो. आता मूळ प्रश्न. ३.३ की ७.२?

हे समजायला मला दळणाचा फार उपयोग झाला. घरच्या प्लगातून येणारी वीज म्हणजे ज्वारी समजा. बॅटरीला चालते फक्त पीठ. ज्वारीचे पीठ करणारी गिरणी गाडीच्या पोटात बसवलेली असते, आणि ३.३ किंवा ७.२ हे त्या गिरणीचे माप आहे. भिंतीवरची पेटी ही गिरणी नव्हेच. ती फक्त ज्वारीचे पोते ओतणारी. गिरणी लहान असेल तर वरून कितीही मोठे पोते ओता, दळण त्याच वेगाने पडणार. म्हणजे ३.३ ची गाडी ७.२ च्या पेटीला लावली तरी ती घेणार ३.३ च. हमरस्त्यावर जी मोठी जलद चार्जिंगची केंद्रे असतात तिथे मात्र तयार पीठच मिळते. दळायचे काम तिथल्या यंत्रातच होते, म्हणून तिथे तुमच्या गाडीतली गिरणी लहान की मोठी याला महत्त्व नाही. (पण हे तयार पीठ घेण्याची सोय गाडीत आहे ना, एवढे विचारून घ्या. २०२३ मध्ये आलेल्या एम.जी.च्या कॉमेट या छोट्या गाडीला ती नव्हती. गावातल्या गावात फिरणाऱ्यांना त्याने काही बिघडत नाही, पण माहेर दोनशे किलोमीटरवर असेल तर बिघडते.)

तेव्हा नोंदणीच्या कागदावर सही करण्याआधी विक्रेत्याला सरळ विचारा: हा जो जादा पैसा मागता आहात तो गाडीच्या पोटातल्या चार्जरचा, की भिंतीवरच्या पेटीचा? भिंतीवरची पेटी सहा महिन्यांनी, वर्षानेही घेता येते. गाडीच्या पोटातली गिरणी मात्र कंपनीतून बसून येते ती तीच, मागाहून बदलून देत नाहीत. २०२२ साली टाटांची टिआगो विजेवर आली तेव्हा २४ युनिटांच्या बॅटरीच्या गाडीला ३.३ आणि ७.२ असे दोन पर्याय होते आणि त्यांत पन्नास हजारांचा फरक होता. तिथे निवड गाडीच्या पोटातलीच होती. उलट महिंद्रांनी २०२५ च्या आरंभी आपल्या दोन मोठ्या गाड्यांचे भाव जाहीर केले त्यांत चार्जर धरलेला नव्हता. ७.२ च्या पेटीला पन्नास हजार आणि ११.२ च्या पेटीला पंचाहत्तर हजार निराळे. ही ११.२ ची पेटी पूर्ण जोराने चालायला घरात तीन फेजची वीज लागते. सिंगल फेजच्या घरात ती घेणे म्हणजे दोन माणसांच्या घरात पंगतीचा तांदूळ शिजवायचे पातेले घेण्यासारखे.

वन्संचा फरक गाडीच्या पोटातला होता. म्हणजे आत्ता नाही म्हटले तर कायमचे नाही. म्हणूनच हिशेब नीट करावा लागला. आम्ही दोघी फोनवरच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नाशिक ते सिन्नर जाऊन-येऊन साठ किलोमीटर. एका युनिटात साधारण सात किलोमीटर धरले तर रोज नऊ युनिटे. ३.३ च्या चार्जरने नऊ युनिटे भरायला तीन तास. वन्सं रात्री नऊला गाडी लावतील आणि बाराच्या सुमारास ती भरलेली असेल. सगळी बॅटरी अगदी रिकामी झाली तरी ती भरायला आठ-नऊ तास. माणूस झोपतोच की तेवढा!

"ते कळलं हो," वन्सं म्हणाल्या आणि जरा थांबल्या. "पण मामंजींना मागच्या वर्षी रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यावं लागलं ना? तेव्हा रिक्षा मिळेना. ऐन वेळेला गाडी रिकामी निघाली तर?"

खरी भीती ही होती. ह्यांचे म्हणणे, शेजारची गाडी, पन्नास हजार, सगळे वरवरचे. मी विचारले, शाळेतून परत आल्यावर बॅटरीत किती उरेल? २४ मधून ९ गेली, राहिली १५. म्हणजे गाडी प्लगला लावण्याआधीच शंभर किलोमीटर जायची सोय आहे. दवाखाना चार किलोमीटरवर. आणि चार्जिंग अर्ध्यावर असेल तर गाडी काही खुंट्याला बांधलेली नसते. थांबवायचे, प्लग काढायचा आणि निघायचे. मोबाईलसारखेच. या भीतीवर मोठा चार्जर हा इलाज नव्हे. घरी आल्याबरोबर रोज प्लग लावणे हा इलाज, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

याचा अर्थ सगळ्यांनीच लहान घ्यावा असे मी म्हणत नाही बरं का. ४५ युनिटांची मोठी बॅटरी असेल तर ३.३ ला ती पूर्ण भरायला चौदा-पंधरा तास लागतात, ७.२ ला साडेसहा. रोज सव्वाशे-दीडशे किलोमीटर पळणारी गाडी, किंवा दिवसा मुलगा आणि रात्री वडील अशी दोघांत वाटलेली गाडी असेल तर मोठाच घ्या, पैसे वसूल होतील. आणि ज्यांच्या गावाला सलग आठ तास वीज टिकत नाही त्यांनी तर हिशेबही करू नये. असते तेवढ्या चार तासांत जास्त दळून घेणारी गिरणी त्यांना हवी. फक्त मंजूर भार आधी वाढवून घ्यायचा, आमच्यासारखा मागाहून नव्हे. वायरही तशीच जाड हवी. आमच्या वायरमनने ७.२ साठी तांब्याची सहाची वायर सांगितली आणि मीटरपासून अंतर लांब असेल तर दहाची.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची कथा थोडी निराळी. वन्संचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, मीटर जिन्याखाली, गाडीची जागा पार कंपाउंडाच्या टोकाला. तिथे वायर भिंतीवरून न्यायची म्हणजे सोसायटीला विचारणे आलेच. जिन्याच्या दिव्याच्या लाइनीवरून मात्र कोणी कितीही आपुलकीने "घ्या हो ताई" म्हटले तरी घेऊ नका, पहिल्या बिलाला आपुलकी संपते. आपल्या घरच्या मीटरवरून गाडी चार्ज करता येते, असे केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार गाडीसाठी निराळे कनेक्शनही मागता येते. सोसायटीच्या चिटणिसांकडे जाताना हे माहीत असलेले बरे. आवाज चढवावा लागत नाही.

निराळे मीटर घ्यावे का? इथे बिल पुन्हा समोर ठेवा. महावितरणचे घरगुती दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या पायऱ्यांनी चढतात. वन्संच्या घरी महिन्याला एकशेचाळीस युनिटे जळतात. शाळेचे चोवीस दिवस धरले तर गाडीची दोनशे सोळा, आणि दळताना थोडे सांडते तसे चार्ज होतानाही थोडी वीज वाया जाते, म्हणून दोनशेचाळीस म्हणा. बेरीज तीनशेऐंशी. म्हणजे ऐंशी युनिटे वरच्या महागड्या पायरीवर गेली. निराळ्या मीटरचा दर आणि त्याचा स्थिर आकार महावितरणच्या कचेरीत विचारून दोन्ही बेरजा शेजारी-शेजारी मांडायच्या. ज्यांचा वापर मुळातच कमी आहे त्यांना एकच मीटर सोयीचे पडेल.

आणखी दोन बारीक गोष्टी, पण मागाहून फार टोचतात. चार्जर 'बसवून देऊ' म्हणतात तेव्हा किती मीटर केबल त्यात धरली आहे, अर्थिंग धरले आहे का, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी कबूल केलेले मीटर मोजायच्या वेळी आखडतात. दुसरे, गाडीचे चार्जिंगचे तोंड कुठे आहे ते बघा. काहींचे पुढे नाकाशी असते, काहींचे मागच्या चाकावर. आमच्या गाडीचे मागे, आणि प्लग लावला भिंतीच्या पुढच्या टोकाला. त्यामुळे मी रोज गाडी उलटी आणून लावते. तीन वर्षांत त्यात तरबेज झाले, एवढाच काय तो फायदा.

परवा वन्संचा पुन्हा फोन आला. ३.३ चीच गाडी नोंदवली. वाचलेल्या पन्नास हजारांतून नवी लाइन, अर्थिंग आणि निराळ्या मीटरचा खर्च भागवून काही रक्कम शिल्लक राहील असा त्यांचा अंदाज आहे. "हे जरा नाराज आहेत," म्हणाल्या, "पण हप्ते माझ्या पगारातून जायचेत, म्हणून सहीसुद्धा मीच केली." सोसायटीचे पत्र अजून यायचे आहे. गाडी यायला सहा आठवडे आहेत, तोवर मिळून जाईल.