भिंतीला फोम आणि डोक्यावर धप्प

"घर माझं, पैसा माझा, शरीर माझं, मग तुम्हाला काय त्रास?" हे वाक्य हल्ली नवीन पनवेलच्या जिन्याजिन्यात ऐकू येतं. पहिल्या तिन्ही गोष्टी मला मान्य आहेत. चौथीचं उत्तर द्यायला मात्र आज बसलोय. कारण हे वाक्य ज्या स्लॅबवर उभं राहून बोललं जातं, तो काही एकट्याचा नसतो. वरच्याची जमीन तेच खालच्याचं छत!

2020 च्या टाळेबंदीत व्यायामशाळा बंद झाल्या आणि घरोघरी डंबेल आले. त्या वर्षीच्या दसऱ्याला व्यायामशाळा उघडल्या, पण घरात शिरलेलं लोखंड काही परत गेलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या तरुणाने तर एक अख्खी खोलीच त्याला देऊन टाकली. सकाळी नऊला बार जमिनीवर आपटायला सुरुवात होते. धप्प! मग दोन मिनिटं शांतता. पुन्हा धप्प. त्या दोन मिनिटांत माणूस पुढच्या धप्पची वाट बघत बसतो, हा त्यातला खरा छळ. पनवेलकरांना आवाजाचं काय कौतुक? रेल्वे आहे, हायवे आहे, आता विमानतळही झाला. पण हायवेची घरघर सलग असते, कान तिला सरावतात. धप्पला सरावता येत नाही.

तक्रार केली तेव्हा मुलगा सभ्यपणे म्हणाला, "सर, साउंडप्रूफिंग करून घेतो." आणि खरंच त्याने पैसे घातले. चारी भिंतींना काळा, टोकदार उंचवट्यांचा फोम लावला. मला वर बोलावून दाखवलाही. खोलीत टाळी वाजवली तर घुमत नव्हती. खाली आलो, दार लावलं... धप्प!

इथेच माझा राग सुरू होतो, आणि तो त्या मुलावर कमी, त्याला हा फोम 'साउंडप्रूफ' म्हणून विकणाऱ्यावर जास्त आहे. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. तरी एवढं मलाही कळतं की आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून : गाणी, बोलणं, आरडाओरडा. दुसरा वस्तूच्या अंगातून. बाकाला कान लावायचा आणि दुसऱ्या टोकाला मित्राने नखाने खरवडायचं, हा खेळ आपण सगळेच खेळलोय. हवेतून ऐकू न येणारी खरखर लाकडातून थेट कानात येते. बार आपटतो तेव्हा स्लॅब म्हणजे ते बाक आणि खालचं कुटुंब म्हणजे त्याला चिकटलेला कान. भिंतीवरचा फोम फक्त खोलीतला घुमारा शोषतो. म्हणजे ज्याने पैसे भरले त्याच्याच कानाला आराम! हवेतला आवाज अडवायलाही वजनदार, भरीव, फटी नसलेली भिंत लागते. फुलासारखा हलका फोम काय अडवणार?

धक्का अडवायचा तर तो जिथे बसतो तिथेच, पायाखाली अडवावा लागतो. खाली जाड, दाट रबर, त्यावर प्लायवूडचे थर, वर पुन्हा रबर, आणि हे सगळं भिंतीला कुठेही न टेकता, म्हणजे धक्का कडेने निसटत नाही. मुलांच्या खोलीत घालतात त्या रंगीत, कोड्यासारख्या जोडायच्या मऊ चटया इथे कामाच्या नाहीत. जड वजनाखाली त्या पापडासारख्या चपट्या होतात. आणि एवढं करूनही ऐंशी किलोचा बार गुडघ्याच्या उंचीवरून सोडला तर खाली कळणारच. तो सोडायचा नसतो, टेकवायचा असतो. नाहीतर तळमजल्यावर जाऊन उचलावा.

आपल्या तालमी तळमजल्यावर का असत? तिथे हौदा असे. तांबडी माती, तीत हळद, ताक, तेल मुरवलेलं, आणि कुस्तीआधी ती खणून भुसभुशीत केलेली. दोन पैलवान अंगावर कोसळले तरी माती तो धक्का पोटात घेई. आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत तयार झाले. ते काही कुणाच्या डोक्यावर नाचून नव्हे! घरातच करायचं तर दंड, बैठका, सूर्यनमस्कार आहेत. वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतले, खालच्या वर्गातून कधी तक्रार आली नाही.

आता कायद्याचं. सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्याने मला नियम ऐकवला : निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45; रात्र म्हणजे दहा ते सहा; सकाळी नऊ म्हणजे दिवस; विषय संपला. 2000 सालचे ते नियम मीही वाचलेत. त्यातले आकडे वेळेच्या सरासरीचे आहेत. एका विषयात नापास झालेल्या मुलाची टक्केवारी कशी बरी दिसते, तसं आहे हे. सेकंदभराची धप्प तासाच्या शांततेत मिसळली की कागदावर दिसतही नाही. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक नर्स राहते. रात्रपाळी करून आठला घरी येते, नऊला डोळा लागतो. तिची रात्र सकाळी नऊला सुरू होते, हे कुठल्या नियमात बसवायचं? कुणाच्या तरी रुग्णाला सलाईन लावणारा हात आहे तो, झोप झालेलीच बरी.

म्हणून कायद्याचा आकडा दाखवून सोसायटीने हात झटकणं मला मंजूर नाही. फ्लॅटमधली एक भिंत पाडायची तर परवानगी मागतो, मग शेकडो किलो लोखंड स्लॅबवर ठेवताना का नाही? आणि "आवाज होत नाही" हे धप्प करणाऱ्याने वर उभं राहून ठरवायचं नाही. त्याने खाली यावं, चहा घ्यावा, आणि आपल्या भावाला वर बार आपटायला सांगावं.

असो. रविवारी सभा आहे. मी तीन ओळींचा ठराव लेखी दिलाय : घरी वजनं ठेवणाऱ्याने जमिनीखालचं काम आधी करावं, त्याची परीक्षा खालच्या घरात बसून व्हावी, आणि त्या घरात पाळीची नोकरी करणारं, आजारी किंवा तान्हं कुणी असेल तर वेळ त्यांना विचारून ठरवावी. पार्किंगनंतर सातव्या क्रमांकावर विषय आहे. सातव्यापर्यंत सभा टिकते का ते बघायचं.